अमली पदार्थविषयक गुन्हे : अटक व जामीन

अफू, गांजा, चरस, हेरॉइन, कोकेन इ. पदार्थांच्या बेकायदेशीर व्यवहाराबद्दल संशयितास पकडण्याची आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्यास कोठडीत ठेवण्याची अथवा मुक्त करण्याची विधिविहित पद्धती. भारतात ती मुख्यतः ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ यावर आधारलेली आहे. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अंमलात आलेल्या या अधिनियमाने अफूविषयक जुने अधिनियम व १९३० चा घातक औषधिद्रव्यांचा अधिनियम रद्द केले. त्यात वेगळी तरतूद नसेल तेथे सर्वसाधारण फौजदारी प्रक्रिया, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, लागू होते.

परिमाण : आरोपीची शिक्षा व जामिनाची शक्यता ही दोन्ही बहुतांशी जप्त मालाच्या वजनावर अवलंबून असतात. २००१ च्या दुरुस्तीने अल्प, मध्यम व वाणिज्यिक अशी प्रतवारी केली. हेरॉइनचे अल्प परिमाण ५ ग्रॅम व वाणिज्यिक २५० ग्रॅम, चरसाचे अनुक्रमे १०० ग्रॅम व १ किग्रॅ., तर गांजाचे १ किग्रॅ. व २० किग्रॅ. आहे. वाणिज्यिक परिमाणास सामान्यतः १० ते २० वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे. मिश्रणातील निरुपद्रवी द्रव्याचे वजनही हिशोबात धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरविले.

अटक व झडती : अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यास अधिपत्राशिवाय झडती व अटक करता येते, मात्र इमारतीची झडती घेण्यापूर्वी त्याने मिळालेली माहिती लिहून ठेवून तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठाकडे पाठवावी लागते. सूर्यास्तानंतर अधिपत्राशिवाय प्रवेश करावयाचा असल्यास त्याची कारणेही नोंदवावी लागतात. कलम ५० अन्वये संशयितास राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकारी यांच्यासमोर अंगझडती मागण्याचा हक्क आहे व त्याची जाणीव त्यास करून देणे बंधनकारक आहे. हे संरक्षण अंगझडतीपुरते असून पिशवी वा वाहन यांच्या झडतीस ते लागू नाही. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावयाची असते. अटकेची कारणे आरोपीस सांगणे, त्यास २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे व वरिष्ठास ४८ तासांत अहवाल देणे आवश्यक असते. या कायद्याखालील तपासी अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

जामीन : मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये या अधिनियमाखालील सर्व गुन्हे अजामीनपात्र ठरविले. तथापि अल्प व मध्यम परिमाणाच्या प्रकरणांत न्यायालय नेहमीच्या कसोट्यांनुसार जामीन देऊ शकते. वाणिज्यिक परिमाण, बेकायदेशीर व्यापारास अर्थसाहाय्य इ. गुन्ह्यांस मात्र कलम ३७ च्या जादा अटी लागू होतात : सरकारी अभियोक्त्यास विरोधाची संधी द्यावी लागते, त्याने विरोध केल्यास, आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारणे आहेत व मुक्ततेच्या काळात तो गुन्हा करण्याचा संभव नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. खटल्याआधीच निर्दोषत्वाचा असा विचार करावा लागत असल्याने ही कसोटी अत्यंत कठीण ठरते.

इतर गुन्ह्यांत ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल न झाल्यास आरोपीस जामिनाचा हक्क प्राप्त होतो. वरील गंभीर गुन्ह्यांत ही मुदत १८० दिवस आहे; सरकारी अभियोक्त्याने तपासाची प्रगती व कोठडीची विशिष्ट कारणे दाखविल्यास विशेष न्यायालय ती एक वर्षापर्यंत वाढवू शकते.

व्यापारी टोळ्यांचे सूत्रधार व केवळ माल वाहून नेणारे मजूर यांना कलम ३७ सारखेच लागू होते. परिणामी गरीब आरोपींस शिक्षा ठरण्यापूर्वीच वर्षानुवर्षे तुरुंगात काढावी लागतात. दीर्घ विलंब झाल्यास, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्य लक्षात घेऊन कलम ३७ असतानाही जामीन देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. जामिनाचे दार जेथे इतके अरुंद आहे, तेथे अटक व झडतीचे नियम काटेकोरपणे पाळले जाणे हेच नागरिकाचे प्रमुख संरक्षण होय.