विकलं गेलेलं नाव, जपलेलं यंत्र

१९७६ साली वॉर्नर कम्युनिकेशन्सने अटारी विकत घेतली तेव्हा २ कोटी ८० लाख डॉलर मोजले. १९९८मध्ये हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या कंपनीला तेच नाव, जुन्या खेळांच्या हक्कांसकट, ५० लाखांत मिळालं. मधल्या बावीस वर्षांत अटारीने अमेरिकेतल्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर मुलांना खेळायला लावलं, एक नवा उद्योग उभा केला आणि त्याच्या पहिल्या मोठ्या पडझडीत स्वतःही कोसळली. आज व्हिडिओ गेमच्या आठवणींवर मोठा धंदा चालतो आणि त्यात अटारीचं लाल-पांढरं बोधचिन्ह सर्वांत ओळखीचं आहे. पण ही ओळख मालकांनी सांभाळली असं म्हणवत नाही. ती सांभाळली ती या यंत्रावर जीव लावणाऱ्यांनी, आणि बहुतेक काळ मालकांचं तिकडे लक्षही नव्हतं.

नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२मध्ये कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. अ‍ॅलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याने बनवलेल्या ‘पाँग’ने, म्हणजे दोन फळ्या आणि एका चेंडूच्या खेळाने, तिला पैसा मिळवून दिला. घरी खेळायचं, कॅसेट बदलून खेळ बदलता येईल असं यंत्र बाजारात आणायला मात्र त्याहून मोठं भांडवल हवं होतं. वॉर्नरला कंपनी विकली गेली ती त्यासाठी.

ते यंत्र सप्टेंबर १९७७मध्ये आलं. नाव होतं ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टम’. ‘२६००’ हा त्याचा मालाचा क्रमांक, तोच पुढे नाव झाला. समोर लाकडी भासणारी पट्टी, वर सहा खटके आणि एका बटणाची काळी जॉयस्टिक. आत काय होतं ते पाहिलं की या यंत्राभोवती एवढी माणसं अजून का जमतात ते कळतं.

२६००ची स्मृती १२८ बाइटची. आजच्या संगणकीय पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे या परिच्छेदाची पहिली दोन वाक्यंही तिथे मावणार नाहीत. कॅसेटमधलं एका वेळी जास्तीत जास्त ४ किलोबाइटच वाचता येई, आणि सोबत मिळणारा ‘कॉम्बॅट’ तर २ किलोबाइटमध्येच बसवलेला. आणखी मोठी अडचण अशी, की पडद्यावरचं चित्र साठवून ठेवायला यंत्रात जागाच नव्हती. जे मिनर यांनी आखलेली ‘टिया’ ही चिप एका वेळी एकच आडवी रेघ काढू शके : पार्श्वभूमी, दोन खेळाडू, दोन गोळ्या आणि एक चेंडू, बस. टीव्हीच्या नळीतला इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे सरकत असताना, प्रत्येक रेघेला मिळणाऱ्या ७६ ठोक्यांच्या आत प्रोग्रॅमरने चिपला सांगायचं, आता हा रंग, आता हा आकार. एक ठोका चुकला की चित्र फाटलं. आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ‘पाँग’ आणि रणगाड्यांच्या लढाईसारखे दोन-चार खेळ होते. प्रोग्रॅमरांनी त्याच यंत्रातून जंगलं, किल्ले आणि अवकाशातली युद्धं काढली. एकच खेळाडू-चित्र रेघेमागून रेघ पुन्हा वापरायचं, रेघेच्या मध्यावर रंग पालटायचा, अशा क्लृप्त्या एकाने शोधायच्या आणि दुसऱ्याने त्या पुढे न्यायच्या. इतक्या कमी साधनांत इतकी कल्पकता मागणारी यंत्रं फार थोडी झाली असतील, आणि या कारागिरीला मी कलेचाच दर्जा देतो.

ती करणाऱ्यांची नावं मात्र कंपनीने खोक्यावर येऊ दिली नाहीत. वॉरन रॉबिनेट यांनी ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली केली. पार्श्वभूमीच्याच रंगाचा एका बिंदूएवढा ठिपका शोधून, उचलून योग्य जागी नेला तरच तिथे जाता येई, आणि तिथे त्यांचं नाव झळके. कंपनीला याचा पत्ता लागला तो रॉबिनेट नोकरी सोडून गेल्यावर, एका मुलाच्या पत्रामुळे. डेव्हिड क्रेन, अ‍ॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लान हे चौघे थेट बाहेर पडले. आपल्या खेळांवर कंपनी किती कमावते हे त्यांना कळलं होतं, आणि वाटा मागितल्यावर त्यांची किंमत कारखान्यात कॅसेट जोडणाऱ्यांपेक्षा जास्त नाही असं उत्तर मिळालं, असं क्रेन यांनी नंतर सांगितलं आहे. १९७९मध्ये त्यांच्या सहभागातून ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ उभी राहिली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ बनवणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी. प्रोग्रॅमरचं नाव खेळासोबत छापायचं, हे तिने पहिल्यापासून पाळलं.

पडझड १९८२पासून सुरू झाली. ‘पॅक-मॅन’ची घाईत केलेली आवृत्ती लाखोंनी खपली आणि खेळणाऱ्यांचा हिरमोड करून गेली. नाताळ गाठायचा म्हणून ‘ई.टी.’ हा खेळ हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना पाच आठवड्यांत उरकावा लागला. न खपलेला माल साचला, आणि १९८३मध्ये अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या पुढे गेला. त्याच सप्टेंबरात टेक्सासमधल्या एल पासोच्या कारखान्यातून निघालेल्या ट्रकांनी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत कॅसेटी ओतल्या, आणि त्यांवर सिमेंट घातलं गेलं. पुढची तीस वर्षं ही दंतकथा आहे की खरी गोष्ट, यावर वाद चालले. २६ एप्रिल २०१४ला एका माहितीपटाच्या निमित्ताने तिथे खोदकाम झालं. वारा धूळ उडवत होता आणि शेकडो चाहते कुंपणाशी ताटकळत उभे होते. पुरलेल्या कॅसेटींचा आकडा ७ लाख २८ हजारांच्या घरात सांगितला गेला. वर काढल्या त्या तेराशेच्या आसपास, आणि त्यांत ‘ई.टी.’सोबत चांगले, गाजलेले खेळही होते. एक कॅसेट स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. बाकीच्यांपैकी बऱ्याच गावाने लिलावात काढल्या आणि त्यातून १ लाख डॉलरहून अधिक रक्कम आली. ज्यांनी बोली लावली त्यांना चेपलेला, कचऱ्याचा वास असलेला खोकाच हवा होता, कारण एका मोठ्या घटनेचा तो हाती लागलेला पुरावा होता.

जुलै १९८४मध्ये वॉर्नरने अटारीचे दोन तुकडे केले. घरगुती यंत्रं आणि संगणकांचा भाग उद्योजक जॅक ट्रॅमियेल यांना रोख रकमेऐवजी वचनचिठ्ठ्यांवर दिला. नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचा भाग ‘अटारी गेम्स’ म्हणून वेगळा राहिला, आणि म्हणून ‘गॉन्टलेट’, ‘पेपरबॉय’ हे खेळ आज अटारीच्या मालकीचे नाहीत. घरगुती भाग मात्र हात बदलत राहिला : ट्रॅमियेलकडून हार्ड डिस्क बनवणाऱ्या जेटीएस कंपनीकडे, तिथून हॅस्ब्रोकडे, आणि २००१मध्ये हॅस्ब्रोच्या गेम विभागासकट फ्रान्सच्या ‘इन्फोग्राम’कडे. इन्फोग्रामने पुढे स्वतःलाच अटारी म्हणवून घेतलं. २०१३मध्ये तिच्या अमेरिकी शाखांनी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ‘बॅटलझोन’सारखे खेळही लिलावात गेले.

याच काळात आठवणींचा धंदा सुरू झाला होता. २००४मध्ये ‘अटारी फ्लॅशबॅक’ नावाचं छोटं यंत्र आलं : आत वीस खेळ, टीव्हीला जोडा आणि खेळा. अटारीचा इतिहास गोळा करण्यात आयुष्य घालवलेले कर्ट वेंडेल यांनी ते बनवलं, पण वेळ इतका थोडा मिळाला की आत जुन्या २६००ची रचना बसवता आली नाही. निन्टेन्डोच्या यंत्राची स्वस्तातली नक्कल असलेली तयार चिप घेऊन तिच्यावर खेळ नव्याने लिहावे लागले. जाणकारांना फरक लगेच कळला. पुढच्याच वर्षी वेंडेल यांनी ‘फ्लॅशबॅक २’ बनवताना २६००ची खरी रचना एका चिपमध्ये उतरवली, आणि हौशी माणसाला डाग देऊन जुन्या कॅसेटची खाच बसवता यावी, याची सोयही आतल्या पट्टीवर ठेवली. व्यापारासाठी याची काहीच गरज नव्हती. वेंडेल २०२०मध्ये गेले.

ती निन्टेन्डोची नक्कल आपल्याही ओळखीची आहे. नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तालुक्याच्या गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा ‘टीव्ही गेम’ त्याच जातकुळीचा होता. पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं, आत मारिओ, काँट्रा आणि रणगाड्यांचा खेळ उलटसुलट करून पुन्हा पुन्हा. लागली नाही की काढून फुंकर मारायची. आपल्या पिढीची ही आठवण अमेरिकी मुलांच्या आठवणीइतकीच खोल आहे. पण ज्या यंत्रांवर आपण खेळलो त्यांची नावं दर दुकानागणिक बदलत, म्हणून ती आठवण कोणा एका ब्रँडच्या नावे नोंदलेली नाही आणि तिचा सोहळा करायला कुठली कंपनी येणार नाही. ती यंत्रं, त्या कॅसेटी आणि त्यांचे खोके जपायचे असतील तर ते आपल्यालाच करावं लागेल. माळ्यावरची ती पिशवी भंगारात देण्याआधी थोडा विचार व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

अटारीकडे परत येतो. २०२०च्या आसपास या नावाखाली क्रिप्टो टोकन निघालं आणि अमेरिकी शहरांत हॉटेलं उभारायच्या घोषणा झाल्या. नाव कशावरही चिकटवता येतं, अशी ती समजूत होती. २०२१मध्ये वेड रोझन मुख्य अधिकारी झाले आणि दिशा बदलली. जुने खेळ नीट उलगडून दाखवणारा ‘डिजिटल इक्लिप्स’ आणि विस्मृतीत गेलेले खेळ दुरुस्त करून पुन्हा चालते करणारा ‘नाइटडाइव्ह’ हे दोन्ही स्टुडिओ अटारीने २०२३मध्ये घेतले. त्याआधी, २०२२मध्ये, डिजिटल इक्लिप्सने केलेला ‘अटारी ५०’ हा संग्रह मला या सगळ्या धंद्यातली सर्वांत मोलाची वस्तू वाटतो. शंभराच्या वर खेळ आहेतच, पण ते एका कालपटावर मांडलेत आणि मध्ये जुन्या टिपणांची पानं आणि प्रोग्रॅमरांच्या मुलाखती आहेत. ज्यांची नावं दडपली होती ती माणसं स्वतः समोर बसून आपलं काम समजावून सांगतात.

२०२३च्या नोव्हेंबरात ‘अटारी २६००+’ आलं. रूप १९८०च्या यंत्राचं, आकार थोडा लहान, जोडणी आजच्या टीव्हीची, आणि जुनी कॅसेट थेट खाचेत बसते. यंत्र कॅसेटमधला प्रोग्रॅम आधी वाचून घेतं आणि मग ‘स्टेला’ या इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवतं. स्टेला चाहत्यांनी नव्वदच्या दशकापासून फुकट, सर्वांसाठी खुली ठेवून घडवलेली प्रणाली आहे. त्याच वर्षी अटारीने ‘अटारीएज’ हे चाहत्यांचं संकेतस्थळ विकत घेऊन त्याचे एक संस्थापक अल्बर्ट यारुसो यांना कंपनीत घेतलं. दुर्मीळ कॅसेटींच्या नोंदी, पुस्तिकांच्या प्रती, हौशी प्रोग्रॅमरांनी २६००साठी लिहिलेले नवे खेळ, हे सगळं तिथे आधीपासून गोळा झालेलं होतं. हे सौदे मला योग्य वाटतात. ज्यांनी इतकी वर्षं विनामोबदला राखण केली, त्यांचं काम अखेर मालकांनी मोलाचं मानलं. २०२४मध्ये तर जुना प्रतिस्पर्धी ‘इंटेलिव्हिजन’ हे नावही अटारीने घेऊन टाकलं.

संग्राहकांचं जग याला समांतर चालतं. त्यांच्या बोलण्यात ‘हेवी सिक्सर’ म्हणजे १९७७चं, सनीव्हेलमध्ये बनलेलं, जाड तळाचं सहा खटक्यांचं यंत्र. ‘लाइट सिक्सर’ त्यानंतरचं, हाँगकाँगचं. पूर्ण काळं ते ‘व्हेडर’. अ‍ॅक्टिव्हिजनच्या कॅसेटींच्या लेबलांवर खालच्या गोंदामुळे डाग चढतात, त्याला ते ‘अ‍ॅक्टिप्लाक’ म्हणतात. ‘एअर रेड’ या निळ्या, मुठीसारख्या टोकाच्या कॅसेटीच्या थोड्याच प्रती ठाऊक आहेत. खोक्यासकट सापडलेली एक प्रत २०१०मध्ये ३१,६०० डॉलरला गेली. शोध घेऊन, माहिती जुळवून केलेला हा संग्रह मला आदरणीय वाटतो. पण ज्यात खोका कधी उघडायचाच नाही, प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून त्यावर गुणांकनाचा शिक्का घ्यायचा, तो बाजार वेगळा आहे. जुलै २०२१मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली. तो खेळ लाखो घरांत पोचलेला, कुठल्याही अर्थाने दुर्मीळ नाही. ही किंमत खेळाची नव्हती, न उघडल्याची होती, आणि त्या व्यवहारात खेळ जपला जातो असं मला म्हणता येत नाही. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३च्या पाहणीनुसार अमेरिकेत प्रकाशित झालेले ८७ टक्के जुने खेळ आज बाजारात नाहीत. पैसा मोजके खोके उचलत असताना हे एवढं मोठं काम बाकी आहे.

‘ई.टी.’च्या अपयशाचं खापर ज्यांच्यावर फुटलं त्या वॉरशॉ यांनी १९८४च्या सुमारास ‘सॅबोटर’ नावाचा खेळ २६००साठी लिहीत आणला होता. कंपनी मोडली आणि तो बाजारात आलाच नाही. नमुना म्हणून उरलेली त्याची प्रत चाहत्यांच्या हाती पडली, त्यांनी ती वाचून घेतली, जपली, एकमेकांना दिली. अलीकडच्या वर्षांत अटारीने तो खेळ खऱ्या कॅसेटीवर, खोका आणि पुस्तिकेसह प्रसिद्ध केला, आणि वॉरशॉ यांचा तो पडून राहिलेला खेळ विक्रीला आला.