दार कुणी उघडलं?

आमच्या गावातल्या पहिल्या कॉम्प्युटर क्लासच्या दारावर पाटी होती : ‘चपला बाहेर काढाव्यात’. आत एसी, जमिनीवर गालिचा, आणि मशिनांवर पिवळट प्लास्टिकची झाकणं. सर म्हणायचे, धूळ जाते. आम्ही त्याचा अर्थ लावला होता की चपलांमधून व्हायरस येतो. नव्वदच्या दशकाचा मध्य होता आणि व्हायरस म्हणजे काय हे विचारण्याइतकंही आम्हाला ठाऊक नव्हतं. खरा बंदोबस्त सर निराळ्याच ठिकाणी ठेवायचे. आत शिरणाऱ्या प्रत्येकाची फ्लॉपी हातात घेऊन ते तिच्या कोपऱ्यातली छोटी खिटी बघत. खिटी सरकवून भोक उघडं केलं की त्या फ्लॉपीवर मशिनला काही लिहिता येत नसे. जुन्या सव्वापाच इंची फ्लॉपीला खिटी नव्हती, कडेला खाच होती. तिच्यावर चिकटपट्टी लावायची. साथ चपलांतून येत नव्हती, आमच्या हातातून येत होती. हे सरांना माहीत होतं, फक्त त्यांनी तसं कधी सांगितलं नाही.

मराठीत आपण ‘व्हायरस आला’ म्हणतो. पूर्वी ‘देवी आल्या’ म्हणत, तसंच. आल्या म्हणजे आपोआप आल्या. कुणी आणल्या नाहीत. ‘मी व्हायरस आणला’ असं वाक्य मी तरी आजवर ऐकलेलं नाही. पण या उपद्रवांना जी नावं पडली, त्यातली मुख्य तीन नावं नेमकं हेच सांगण्यासाठी आहेत : तो आत आला कसा आणि दार कुणी उघडलं.

‘व्हायरस’ हे नाव १९८३ सालचं. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड कोहेन नावाच्या विद्यार्थ्याने एक प्रयोग करून दाखवला आणि त्याचे गुरू लेनर्ड एडलमन यांनी त्याला हे नाव सुचवलं. कोहेनची व्याख्या नेटकी आहे : जो प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये फेरफार करून त्यात स्वतःची प्रत घुसवतो, तो व्हायरस. विषाणूसारखाच तो एकटा जगत नाही. त्याला यजमान लागतो, आणि तो यजमान कुणीतरी चालवावा लागतो. नाव पडण्याआधीच बाळ जन्मलं होतं, ही गंमत. १९८२ मध्ये रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने ॲपल टू मशिनसाठी ‘एल्क क्लोनर’ लिहिला. मशिन फ्लॉपीवरून सुरू व्हायचं तेव्हाचा काळ. हा फ्लॉपीतून मेमरीत शिरायचा, तिथे दबा धरून बसायचा आणि पुढची फ्लॉपी घातली की तिच्यावर उतरायचा. दर पन्नासाव्या वेळी पडद्यावर एक कविता दाखवायचा. नुकसान म्हणाल तर तेवढंच.

पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस आपल्या शेजारचाच. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ तयार केला. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती शोधण्यासाठी केला, असं त्यांचं म्हणणं. त्यात त्यांनी दुकानाचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातले होते. व्हायरसवर पत्ता छापणारा माणूस विरळाच. फ्लॉपीच्या ज्या पहिल्या तुकड्यापासून मशिन वाचायला सुरुवात करतं, तिथे ब्रेन जाऊन बसायचा आणि मूळ मजकूर दुसरीकडे हलवायचा. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून मशिन सुरू केलं की झाली लागण. विसरणारा मात्र माणूसच.

दुसरं नाव ‘वर्म’, म्हणजे कृमी. हे विज्ञानकथेतून आलं. जॉन ब्रनरच्या १९७५ च्या कादंबरीत जाळ्यात मोकळा सुटलेला असा एक प्रोग्रॅम आहे. त्याला त्याने पट्टकृमीचं नाव दिलं. तो शब्द पुढे झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी उचलला, तेही चांगल्या कामासाठी : रात्री रिकाम्या बसलेल्या मशिनांना कामाला लावायला. कृमीला यजमान प्रोग्रॅम लागत नाही, बऱ्याचदा तुमचं बोटही लागत नाही. जाळ्यातल्या एका मशिनमधून दुसऱ्यात तो भिंतीतल्या फटीतून शिरतो.

२ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री हे जगाने पाहिलं. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने एक कृमी सोडला, तोही संशय आपल्यावर येऊ नये म्हणून एमआयटीच्या मशिनवरून. ईमेलच्या प्रोग्रॅममधली एक फट, दुसऱ्या एका छोट्या प्रोग्रॅममधली आणखी एक, आणि सोप्या पासवर्डची यादी, एवढ्या भांडवलावर तो पसरला. मॉरिसचा घोटाळा झाला तो एका आकड्यात. एकाच मशिनमध्ये दोनदा शिरू नये म्हणून कृमी आधी विचारायचा, ‘आपला कुणी आहे का आत?’ पण एखादा हुशार व्यवस्थापक खोटंच ‘हो’ म्हणून त्याला परतवेल, ही भीती. म्हणून मॉरिसने ठरवलं की सातांतून एकदा उत्तर ‘हो’ आलं तरी शिरायचंच. हे प्रमाण भलतंच जास्त निघालं. एकेका मशिनमध्ये कृमींच्या इतक्या प्रती साचल्या की मशिनं गुदमरून बंद पडली. तेव्हाच्या इंटरनेटवर साधारण साठ हजार मशिनं होती आणि त्यातली सहा हजार आडवी झाली, असा अंदाज नेहमी दिला जातो. मॉरिसला तुरुंग झाला नाही. तीन वर्षांची देखरेख, चारशे तास समाजसेवा आणि दंड झाला. पुढे तो त्याच एमआयटीत प्राध्यापक झाला.

कृमीचा वेग काय असतो ते २५ जानेवारी २००३ ला कळलं. ‘स्लॅमर’ हा कृमी अवघा ३७६ बाइटचा होता. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय ती एवढी तीन वाक्यंही स्लॅमरच्या मापात बसायची नाहीत. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना त्याची संख्या दुप्पट होत होती, आणि जी मशिनं त्याला बळी पडू शकत होती त्यातली बहुतेक त्याने दहा मिनिटांत गाठली. तो ज्या फटीतून शिरायचा, तिच्यावरचं ठिगळ सहा महिने आधीच उपलब्ध होतं. लोकांनी लावलं नव्हतं, इतकंच.

तिसरा ‘ट्रोजन’. ट्रॉयचा लाकडी घोडा सगळ्यांना ठाऊक आहे, पण मराठी वाचकाला तिथवर जायची गरज नाही. दाराशी साधूच्या वेषात उभा राहिलेला रावण आठवा. तो रेषा ओलांडून आत येत नाही. आतल्या माणसाला बाहेर बोलावतो. (वाल्मीकींच्या मूळ रामायणात ही लक्ष्मणरेषा नाही, पण ती आपल्या डोक्यात इतकी पक्की आहे की आता पुसायची नाही.) ट्रोजन स्वतः पसरत नाही. तो सोंग घेतो आणि बाकीचं काम तुम्ही करता. १९८९ च्या डिसेंबरात जोसेफ पॉप या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एड्सची माहिती देणारी म्हणून सुमारे वीस हजार फ्लॉप्या चक्क टपालाने पाठवल्या. मशिन नव्वद वेळा सुरू झालं की फायलींची नावं गायब होत आणि पडद्यावर हुकूम येई : पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर १८९ डॉलर पाठवा. आजच्या खंडणीखोर रॅन्समवेअरचा हा मूळपुरुष.

इथे एक गुंता सोडवला पाहिजे, कारण वर्तमानपत्रं तो रोज वाढवतात. व्हायरस, कृमी आणि ट्रोजन ही नावं वाहनावरून पडली आहेत, म्हणजे आला कसा त्यावरून. रॅन्समवेअर, स्पायवेअर, पासवर्डची बटणं टिपणारा कीलॉगर ही नावं धंद्यावरून, म्हणजे आत येऊन करतो काय त्यावरून. एकाच प्राण्याला दोन्ही नावं असू शकतात. ‘मालवेअर’ हे सगळ्या खानदानाचं आडनाव. ४ मे २००० ला मनिलाहून निघालेलं ‘आय लव्ह यू’ ईमेलपत्र याचा नमुना. ते स्वतः पुढच्या सगळ्या पत्त्यांवर जाई म्हणून कृमी, आणि प्रेमपत्राचं सोंग घेई म्हणून ट्रोजनसारखं. सोबत जोडलेल्या फायलीचं खरं शेपूट विंडोज लपवून ठेवायचं, त्यामुळे ती साधा मजकूर वाटायची. फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्याला कायदाच नव्हता, म्हणून लिहिणारा सुटला. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमलात आला आणि त्याच्या ४३ व्या कलमात ‘कॉम्प्युटर व्हायरस’ची व्याख्या आहे.

फ्लॉपी गेली, पेनड्राइव्ह आला. झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्ट छापायला गेलेल्या प्रत्येकाने हे पाहिलंय : घरी येऊन पेनड्राइव्ह लावावा, तर फोल्डरांच्या कोपऱ्यात छोटा बाण. फोल्डरच्या जागी शॉर्टकट. खरे फोल्डर लपवलेले आणि बाणावर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग उदार होऊन तुमचा फोल्डर उघडून देतो. दुकानदाराला सांगितलं तर तो शांतपणे म्हणायचा, “तुमच्याच पेनड्राइव्हमधून आला असेल.” आणि वाद घालायला पुरावा नसे. याच वाटेने २०१० मध्ये उघडकीला आलेला ‘स्टक्सनेट’ इराणच्या नतान्झमधल्या युरेनियमच्या यंत्रांपर्यंत गेला, जिथे इंटरनेटची तार पोचतच नव्हती. वाटेत त्याने लागण केलेल्या देशांत भारत अगदी वरच्या क्रमांकात होता.

उपाय करणाऱ्यांत पुण्याचं नाव घ्यावंच लागतं. कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान चालवणारे कैलास काटकर आणि कॉम्प्युटर शिकणारा त्यांचा धाकटा भाऊ संजय, यांनी नव्वदच्या दशकात बनवलेलं अँटिव्हायरस म्हणजे क्विक हील. अशा सॉफ्टवेअरचं मूळ तंत्र पोलीस चौकीतल्या फोटोंच्या फळ्यासारखं असतं. ओळखीचा चेहरा दिसला की पकडायचं. नव्या चोराचा फोटो यायला वेळ लागतो. सगळे व्हायरस बिनचूक ओळखणारा प्रोग्रॅम लिहिताच येणार नाही, हे तर कोहेननेच गणिताने सिद्ध करून ठेवलंय. सुरक्षेची दुकानं ही गोष्ट जाहिरातीत छापत नाहीत.

२७ जून २०१७ ला मात्र ‘दार कुणी उघडलं’ हा प्रश्नच उलटा झाला. युक्रेनमध्ये कर भरायला कंपन्यांत सर्रास वापरलं जाणारं हिशेबाचं एक सॉफ्टवेअर होतं. त्याच्या अपडेटमधूनच ‘नॉटपेट्या’ आला. अपडेट करा, अपडेट करा, असं आपणच लोकांना बजावतो. ज्यांनी ऐकलं त्यांना लागण झाली. तो खंडणीची चिठ्ठी दाखवायचा, पण पैसे भरले तरी फायली परत मिळायची सोयच नव्हती. खंडणीखोराच्या वेषातला जाळपोळ करणारा. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यातून त्याची झळ उरणजवळच्या न्हावा शेव्यापर्यंत, जेएनपीटीतल्या तिच्या टर्मिनलपर्यंत आली आणि तिथलं कंटेनरांचं काम थंडावलं. युक्रेनच्या करखात्याचा आणि उरणच्या ट्रेलरवाल्याचा संबंध काय, असं आदल्या दिवशी विचारलं असतं तर लोक हसले असते. मर्स्कने दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार पीसी नव्याने उभे केले. सगळ्या जाळ्याची किल्ली ठेवणारी एक प्रत वाचली ती घानामध्ये, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती. लोडशेडिंगचे इतके उपकार आपल्याकडेही कुणी मानले नसतील.

आताची वाट व्हॉट्सॲपची. लग्नसराईत पत्रिका येते. फोटो किंवा पीडीएफ नसते, शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरं असतात, म्हणजे ते फोनमध्ये बसवायचं ॲप असतं. फोन विचारतो, अनोळखी ठिकाणाहून बसवू का? मेसेज वाचू देऊ का? हो म्हटलं की बँकेचे ओटीपी तिकडे वाचले जातात आणि तीच पत्रिका तुमच्या नावाने तुमच्या गोतावळ्यात निघते. सोंग ट्रोजनचं, प्रवास कृमीचा.

मागच्या वैशाखात माझ्या एका काकांकडून अशी पत्रिका आली. मी लगेच फोन लावला.

“काका, तुम्ही पत्रिका पाठवलीत?”

“मी कुठली पाठवतोय? मलाच आली सकाळी. उघडेना म्हणून तीनदा दाबली.”

“काही विचारलं का फोनने?”

“विचारलं की. सगळ्याला हो म्हटलं. आता लग्नाला नाही कसं म्हणायचं?”

मी त्यांना नेट बंद करायला लावलं, १९३० नंबरवर तक्रार करायला सांगितलं, बँकेत फोन करून खातं गोठवायला लावलं. पैसे गेले नव्हते. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, शेजाऱ्याच्या मोबाइलवरून.

“ते सगळं झालं रे,” काका म्हणाले, “पण लग्न कुणाचं होतं, ते कळलं का?”