सतरा अंकांची एक हर्षद संख्या

माझा आकड्यांशी संबंध महागाईभत्ता आणि बोनस एवढाच, असे आपणांस वाटत असेल. आजच्या आकड्याने कोणाचा पगार वाढणार नाही. पण आकडे हा साहेबांचा प्रांत असे मानून पगारपत्रकावर न वाचताच सही करणारी माणसे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. म्हणून निडीत हा विषय मुद्दाम घेतला.

संख्या अशी: १२३४५६७८९८७६५४३२१. एकं, दहं, शतं म्हणत गेले की तिचा डावीकडचा १ 'मध्य' या स्थानी बसतो. परार्धाला एकच पायरी उणी. उलटसुलट कशीही वाचा, ती तीच. पण ती घडली कशी?

१ हा अंक ओळीने नऊ वेळा लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. पाटीवर एकांच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या रकान्यात एकच १ पडतो, पुढच्यात दोन, मधल्यात नऊ. मग उतार लागतो. हातचा कुठेच येत नाही, म्हणून मनोरा शाबूत राहतो. १ दहा वेळा घेतला, की मधल्या रकान्यात दहा भरतात, हातचा डावीकडे जातो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल गेला! नऊ वेळा खरे ठरले ते दहाव्यांदा ठरेलच असे नाही. कारण ठाऊक असेल त्यालाच हे आधी कळते.

अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. जन्म १९०५, डहाणूचा. नोकरी देवळालीच्या शाळेत मास्तरकीची. डेम्लो हे तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरचे एक स्थानक. कल्पना तिथे सुचली म्हणून नाव त्याचे. (आपल्या निडीच्या फलाटावरही गाडीची वाट पाहण्यात वेळ बराच जातो!) इथल्या विद्वानांनी त्यांच्या कामाकडे फारसे लक्ष दिले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिले, तेव्हा जगाला देवळालीचे मास्तर माहीत झाले.

एकच माणूस गिरणीत कामगार, गावात शेतकरी आणि घरी बाप असतो, तशी ही संख्याही अनेक वर्गांत बसते. ती विषम आहे, पूर्ण वर्ग आहे. तिचे मूळ अवयव तीनच: ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. त्यावरून भाजक ४५ निघतात. भाजकांच्या जोड्या लावल्या की वर्गमूळ तेवढे एकटे उरते, म्हणून भाजकांची संख्या विषम.

अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो तिला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, म्हटले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. वर्गमूळात १ नऊ वेळा आहे, त्यांची बेरीज ९, म्हणून वर्गमूळाला ९ ने भाग जातो; मग वर्गाला ८१ ने जाणारच. भागाकार न करता उत्तर हाती आले! एकापासून नऊपर्यंत एक घेऊन होणाऱ्या नऊ डेम्लो संख्यांत हर्षद तीनच निघतात: १, १२३२१ आणि ही. उरलेल्या सहा घरी तपासाव्यात. सुरुवात १२१ ला ४ ने भागून करावी.