सहा चमचे आणि एक ताट

आपल्या लश्करातील जुन्या मराठी घरांत एखादी तरी पेटी अशी असते की, ती वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी उघडावयाची आणि पूजा आटोपली की पुन्हा कुलूपबंद करावयाची. आमच्या घरच्या पेटीत निरांजने, अत्तरदाणी, गुलाबदाणी अशा नेहमीच्या वस्तूंबरोबर सहा लांबलचक विलायती चमचे होते. ते वर्तमानपत्रात बांधून वर शालीच्या तुकड्यात गुंडाळलेले असत आणि बाहेर काढल्यावर लोखंडाचे वाटावेत इतके काळे दिसत. आई त्यांना हळदकुंकू लावी. आम्ही मुले चमच्याच्या पोटात आपली तोंडे उलटी कशी दिसतात ते पाहून घेत असू. मग ते पुन्हा वर्षभर अंधारात. त्या चमच्यांनी कोणी कधी जेवले असेल, ही कल्पनाही मनाला शिवत नसे.

त्यांना घरात ‘पणजोबांचे चमचे’ म्हणत. १८८६ साली इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंदे सरकारास परत केली आणि मोबदल्यात झाशी घेतली. छावणीतले गोरे अधिकारी निघाले तेव्हा त्यांनी आपले सामान लिलावात काढले. आमचे पणजोबा सरकारी कचेरीत कारकून होते. ते खुर्ची घ्यायला म्हणून गेले आणि चमचे घेऊन आले, अशी कथा घरात सांगत. पणजीने विचारले, “याने खायचे काय?” त्यावर पणजोबांजवळ उत्तर नव्हते म्हणे, आणि चमचे पेटीत गेले ते गेलेच.

ही कथा खरी की खोटी, याचा छडा मला चाळिशीनंतर लागला, आणि तोही चमच्यांनीच लावून दिला. एकदा सहज घड्याळदुरुस्तीचे भिंग घेऊन मी एका चमच्याची दांडी पाहिली, तर पाठीमागे पाच ठसे ओळीने उभे! एक ठसा कारागिराच्या आद्याक्षरांचा. एक चालत्या सिंहाचा; त्याचा अर्थ, हजारात नऊशे पंचवीस भाग शुद्ध चांदी. एक बिबट्याच्या मुखाचा. ती लंडनच्या तपासणीची खूण. एक व्हिक्टोरिया राणीच्या मुखाचा. तो सरकारी कर भरल्याची पावती. आणि पाचवा ठसा एका अक्षराचा.

या अक्षराने मला वेड लावले. इंग्लंडात चांदी तपासण्याचा कायदा १३०० सालचा आहे. तपासणी सुवर्णकारांच्या ‘हॉल’मध्ये होई, म्हणून त्या खुणेला हॉलमार्क म्हणू लागले. १४७८ पासून त्यांनी दरवर्षी एक नवे अक्षर ठरवून देण्यास प्रारंभ केला. खोट निघाली तर ती कोणाच्या कारकिर्दीत सुटली हे कळावे, एवढाच त्यातला हेतू. लंडनची वीस अक्षरे वीस वर्षांत संपत आणि मग अक्षराचे वळण बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई. आमच्या चमच्यांवर जुन्या वळणाचे मोठे ‘पी’ आहे. म्हणजे साल १८५०. पणजोबांनी ते १८८६ साली घेतले असतील तर तेव्हाच ते छत्तीस वर्षांचे होते. साहेबाच्या बापाने लग्नात दिले असावेत, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली. घरची दंतकथा आणि लंडनचे दप्तर यांचा असा मेळ बसलेला पाहून मला किती आनंद झाला, हे ज्यांना जुन्या वस्तूंचा नाद आहे त्यांना निराळे सांगावयास नको.

त्या आनंदाबरोबर एक जुने शल्यही जागे झाले. मुळात हे चमचे बारा होते.

१९५८ साली आमच्या धाकट्या आत्याचे लग्न ठरले. मुलगा इंदूरचा, घर चांगले, पण चांदीचे ताट-वाटी द्यावयाचे कबूल झाले होते. आजोबांनी बारांपैकी सहा चमचे मोडीत घातले. एकेक चमचा साडेसहा तोळ्यांच्या आसपास, म्हणजे चाळीस तोळ्यांच्या घरात चांदी. सराफाने कसोटीवर घासून पाहिले, तूट धरली आणि चमचे मुशीत गेले. मी तेव्हा सातआठ वर्षांचा होतो. ठशांचा अर्थ कळल्यावर मात्र ते सहा चमचे मला दिसू लागले. शंभर वर्षे टिकलेले सहा सिंह आणि सहा राण्या एका दुपारी पाणी होऊन गेल्या, हा विचार काही केल्या जाईना.

ती जागा भरून काढण्यासाठीच मी संग्राहक झालो म्हणा ना. मुंबईच्या चोरबाजारात, जुन्या फर्निचरच्या दुकानांत, भंगारवाल्यांच्या टोपल्यांत मी फिडल घाटाचे चमचे शोधू लागलो. फिडल म्हणजे व्हायोलिन. दांडीचे टोक व्हायोलिनसारखे पसरट आणि खाली, वाटीजवळ, दोन बाजूंना खांदे काढलेले असतात. प्रारंभी पुष्कळ फसलो. दांडीवर ‘ई. पी. एन. एस.’ अशी चार अक्षरे दिसली की मला वाटे, हेही कोणा बड्या कारागिराचे नाव असेल! ती चांदी नव्हेच. आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो त्या धातूवर विजेने चढवलेला तो चांदीचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनांनी १८४० साली त्याचा परवाना मिळवला आणि मध्यमवर्गाच्या टेबलावरही चांदी चमकू लागली. आपल्याकडच्या अनेक घरांतले ‘चांदीचे’ टी-सेट याच जातीचे आहेत. त्यात कमीपणा काही नाही. चांदीच्या भावाने ते घेऊ नयेत, एवढेच.

हळूहळू नजर तयार झाली. नांगर दिसला की बर्मिंगहॅम, मुकुट दिसला की शेफील्ड. (शेफील्डने १९७५ पासून मुकुट सोडून गुलाब घेतला.) हेस्टर बेटमन नावाच्या विधवेची हकीकत वाचली. नवरा गेल्यावर १७६१ साली तिने लंडनच्या हॉलमध्ये स्वतःच्या नावाचा ठसा नोंदवला आणि जवळजवळ तीस वर्षे कारखाना चालवला. तिचा चमचा घेण्याची माझी ऐपत नव्हती, पण एकदा हातात धरून पाहिला आहे. माझ्या संग्रहातला लाडका चमचा मात्र एक्सिटर गावचा. त्याच्यावर तीन बुरुजांचा किल्ला आहे. तिथली तपासणीची कचेरी १८८३ साली बंद पडली. ग्वाल्हेरच्या माणसाला किल्ल्याचा ठसा आवडावा, यात नवल ते काय? अशा रीतीने सहा निरनिराळ्या सालांचे, पण एकाच घाटाचे चमचे जमले आणि बारांची संख्या पुरी झाली. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आजोबांवरचा माझा राग मात्र गेला नव्हता. वास्तविक, वाचनात जे येत होते ते त्यांच्याच बाजूचे होते. चांदी मोडण्यात खुद्द इंग्रजांचा हात कोणी धरणार नाही. सतराव्या शतकातील यादवी युद्धात राजाने आणि पार्लमेंटने घरोघरची भांडी आटवून शिपायांचे पगार भागवले, म्हणून त्यापूर्वीची भांडी आज दुर्मिळ आहेत. पुढे लोक नाणीच वितळवून भांडी घडवू लागले, तेव्हा १६९७ साली सरकारला भांड्यांच्या चांदीचा कस नाण्यांहून वर न्यावा लागला. आणि अगदी अलीकडे, जानेवारी १९८० मध्ये, चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेला तेव्हा तिकडच्या कितीतरी घरांतल्या चहादाण्या मुशीत पडल्या. चांदीचा स्वभावच असा आहे. हे सारे मला पटत होते. फक्त आमच्या सहा चमच्यांच्या बाबतीत पटत नव्हते.

काही वर्षांपूर्वी इंदूरला आत्याकडे गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढे, पण स्वयंपाकघर अजून तिच्याच हुकमतीत. तिने पाट मांडला आणि समोर तेच ताट ठेवले. पुरणपोळी, कटाची आमटी, तुपाची वाटी. मी जेवताना गप्प बसलेला पाहून ती म्हणाली,

“का रे, मीठ कमी पडलं का?”

मी म्हटले, “नाही आत्या. तुम्हांला राग येणार नसेल तर सांगतो. या ताटात आपले सहा चमचे आहेत. अठराशे पन्नास सालचे होते.”

ती हसली. म्हणाली, “मला ठाऊक आहे. आबांनी डोळे पुसत पुसत दिले होते. अरे, पण तुझे ते सहा चमचे माझ्याकडे साठ वर्षांहून अधिक रोज जेवताहेत. तुमच्या मामंजींनी याच ताटात शेवटचा घास घेतला. नातसुनेचं केळवण याच ताटात झालं. राहिलेल्या सहांनी तिकडे पेटीत काय केलं?”

मजजवळ उत्तर नव्हते. पणजोबांचीच गत झाली.

जेवण झाल्यावर मी ताट घासायला स्वतः घेतले. घासण्याचे निमित्त, मला ते उलटे करून पाहावयाचे होते. मागच्या बाजूस टिंबाटिंबांनी आत्याचे सासरचे नाव कोरलेले होते, त्याखाली ‘आईकडून’, आणि त्याखाली ‘शके १८८०’. मी इतकी वर्षे लंडनच्या अक्षरांच्या मागे हिंडलो; आणि कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या साली दिले, हे सगळे आपल्या तांबटाने आणि सोनाराने भांड्याच्या पाठीवर केव्हाच लिहून ठेवले होते. कस किती हे तेवढे त्यावर नव्हते. ते सराफाच्या शब्दावर सोपवलेले.

ग्वाल्हेरात विलायती चांदी म्हटले की सर्वांना जयविलासातली आगगाडी आठवते. भोजनाच्या टेबलावरून रूळांवरून फिरणारी, पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट नेणारी, सुरई उचलली की थांबणारी ती चांदीची गाडी आता संग्रहालयात उभी आहे. तिने तिथेच असावे. पण आमच्या घरात संग्रहालय काढण्याचे मला कारण काय होते? घरी परतलो आणि पेटी उघडून बाराही चमचे स्वयंपाकघराच्या फडताळात आणून ठेवले.

पहिल्याच आठवड्यात माझ्याच हातून अपराध घडला. काळेपणा घालवावा म्हणून चिंच आणि रांगोळीची पूड घेऊन मी एक चमचा जोराने घासला. चमचा लखलखला, पण सिंहाची आयाळ पुसट झाली. दीडशे वर्षांत झाली नसेल एवढी झीज मी पाच मिनिटांत केली. तेव्हापासून रांगोळी बंद. वस्त्रगाळ खडूची पूड, ओल्या मऊ फडक्यावर, आणि ठशांवरून अलगद हात, एवढेच. फार काळे पडले असेल तर ऍल्युमिनियमच्या भांड्यात गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून चमचा भांड्याला टेकेल असा बुडवावा. चांदीला चिकटलेला गंधक ऍल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागच्या जागी राहते. पण हा उपाय क्वचितच करावा. त्याने नक्षीतली शोभिवंत काळी रेघही जाते.

खरे सांगायचे तर उपायाची वेळच येत नाही. रोज वापरलेली, साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन लगेच पुसलेली चांदी काळवंडतच नाही म्हटले तरी चालेल. काळी पडते ती पेटीतली. आणि आमची पेटी तर काय विचारता! वर्तमानपत्र, लोकर, रबराची फीत, या तिन्हींत गंधक असतो. आमच्या वाडवडिलांनी मोठ्या मायेने चमचे नेमके त्याच वस्तूंत बांधून ठेवले होते. मांजरपाट किंवा जुनी मलमल हेच चांदीचे खरे अंथरूण. मीठ मात्र चांदीत ठेवू नये. ते तिला खड्डे पाडते. इंग्रज लोकही मिठाच्या चांदीच्या भांड्याला आतून सोन्याचा मुलामा देत किंवा निळ्या काचेची वाटी बसवत. उकडलेल्या अंड्याला चांदीचा चमचा लावला तर तो पिवळट होऊन काळा पडतो. आणि पोकळ मुठीच्या जुन्या सुऱ्या कढत पाण्यात टाकू नयेत. आत राळ भरलेली असते, ती सुटते.

पणजीच्या प्रश्नाचे उत्तरही सापडले. हे चमचे आपल्या तोंडाला मोठे होतात, पण वाढण्यासाठी त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. श्रीखंड वाढावे, मसालेभात वाढावा, साखरभाताची मूद उचलावी. चमचा जड असल्यामुळे वाढणाऱ्याचा हात आपोआप सावकाश होतो. सूनबाईंनी एक्सिटरचा चमचा लोणच्याला पळवला होता, तेवढा मी परत मिळवला. बाकी तक्रार नाही.

चांदीचे भाव चढले की सराफ्यात जुन्या घरांतली गाठोडी उतरू लागतात. गरजवंताला बोल लावण्याचा अधिकार कोणाला नाही. आजोबांना मी तो लावला, ती माझी चूक. वाचकांना विनंती एवढीच की, गाठोडे नेण्यापूर्वी भांड्याच्या पाठीकडे एकदा भिंगातून पाहावे. अक्षर असेल तर साल पाहावे, नाव असेल तर घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि ते वहीत लिहून ठेवावे. मग मोडायचे तर मोडावे. आणि मोडायचे नसेल, तर कृपा करून पुन्हा पेटीत ठेवू नये.

आत्याचा महिन्यातून एकदा फोन येतो. सर्वांची चौकशी झाली की शेवटी ती विचारते, “आणि चमचे?”

मी सांगतो, “जेवताहेत, आत्या.”