पडलेल्या फोनचा पंचनामा

गेल्या खरिपांत ई-पीक पाहणीची मुदत संपण्यास दोन दिवस उरले असतां आम्ही करवीर तालुक्यांतील आमच्या शेतावर सोयाबीनची नोंद करण्यास गेलों होतों. पावसाची भुरभुर चालू होती. बांधावरून उतरतांना पाय घसरला आणि सदऱ्याच्या खिशांतील फोन एका दगडावर तोंडघशीं पडला. उचलून पाहतों तों एका कोपऱ्यापासून साऱ्या पडद्यावर कोळ्याच्या जाळ्याप्रमाणें तडे गेलेले, आणि बोट लावावें तर दाद नाहीं. तसेच शहरांत जाऊन एका दुरुस्तीवाल्यास तो दाखविला. त्यानें फोन एकदां तिरपा करून पाहिला व सांगितलें, "काका, डिस्प्ले गेला. फोल्डर बदलावा लागंल." त्यानें सांगितलेली रक्कम ऐकून, विचार करून येतों, असें म्हणून आम्हीं फोन परत घेतला.

घरीं पुतण्यानें तो कोरड्या फडक्यानें नीट पुसला, वरून चिकटविलेली टफन काच नखानें हळूच उचलून काढली आणि आम्हांस म्हणाला, "काका, आतां बघा." तडे सर्व त्या चिकटविलेल्या काचेस गेले होते, खालची मूळ काच अखंड होती! बोटास दाद मिळत नव्हती ती तुटक्या काचेखालीं शिरलेल्या पाण्यामुळें. दुसऱ्या दिवशीं त्याच फोनवरून आमची पाहणी नोंदविली गेली. जागेवर जाऊन पाहिल्यावांचून नुकसान लिहूं नये, हा नियम महसूल खात्याच्या दफ्तरांत आमची सारी नोकरी होईपर्यंत आम्हीं पाळला. आणि स्वतःच्या फोनच्या बाबतींत मात्र पंचनामा न करतांच नुकसान मान्य करून बसलों होतों.

हा विषय शेतीच्या मासिकांत कशास, असें कोणी विचारील. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तेव्हांपासून खातेदारानें स्वतः शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र घ्यावयाचें व पीक नोंदवावयाचें असा क्रम पडला आहे. ती नोंद गांव नमुना बारावर येते, आणि कर्ज, विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी यांच्या वेळीं तीच पाहिली जाते. विहिरीची मोटार फोनवरून चालू करणारे शेतकरी आतां गांवोगांव आहेत. गुळाचा दर, बँकेचा परवलीचा आंकडा, कारखान्याचा निरोप, सारें त्याच तळहाताएवढ्या पडद्यावर येतें. ऐन मुदतींत तो पडदा फुटला म्हणजे मनुष्य घाबरतो, आणि घाबरलेल्या गिऱ्हाइकाकडून दाम काढणें कोणासही कठीण नसतें.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, ज्यास आपण सरसकट डिस्प्ले म्हणतों ती एक वस्तु नसून थरांवर थर आहेत. सर्वांत वर आपण बाजारांतून घेऊन चिकटविलेली टफन काच. तिच्याखालीं फोनची स्वतःची वरची काच. त्या काचेस लागून स्पर्श ओळखणारी, डोळ्यांस न दिसणारी विद्युत्‌वाहक जाळी. हिलाच टच म्हणतात. आणि सर्वांत खालीं चित्र उमटविणारा खरा पडदा. हा पडदा दोन जातींचा असतो. एलसीडी जातींत दोन पातळ काचांमध्यें द्रवस्फटिक भरलेले असून त्यांच्या पाठीमागून दिव्याचा उजेड येतो. ओलेड किंवा अमोलेड जातींत प्रत्येक बिंदु स्वतःच उजळतो, मागें दिवा नसतो. उसाचें पाचट वाळलें म्हणून ऊस वाळला असें आपण म्हणत नाहीं. पाचट काढून कांडें पाहतों. येथेंही तसेंच करावयाचें आहे.

फोन पडल्यावर लागलीच बटणें दाबीत बसूं नये. ओला असेल तर तो बंद करून पुसावा आणि पुरता वाळूं द्यावा. ओला फोन चार्जिंगला लावणें तर सर्वथा टाळावें. पाणी स्वतः वीज वाहून नेणारें असल्यामुळें टचच्या जाळीस पाण्याचा थेंब व बोट यांतील भेद कळत नाहीं. पावसांत, किंवा घामाच्या हातानें, आपोआप अक्षरें उमटूं लागलीं कीं लोक टच गेला असें धरून चालतात. आमच्या मतें पावसाळ्यांत दुकानीं जाणाऱ्या फोनांपैकीं पुष्कळांस कोरड्या फडक्याचीच गरज असावी.

मग चिकटविलेली काच काढावी. थोडक्या पैशांची वस्तु वांचविण्यासाठीं हजारोंचा संशय डोक्यांत ठेवण्यांत अर्थ नाहीं. मात्र फुटलेल्या काचेच्या बारीक कपच्या बोटांत शिरतात, म्हणून तिच्यावर अगोदर चिकटपट्टी लावावी व एका कोपऱ्यापासून हळूहळू उचलावी. काच निघाल्यावर पडदा बंद असतांना उजेडांत तिरपा धरावा आणि नख आडवें फिरवावें. नख कोठें अडखळलें तर मूळ काचेस तडा आहे. अडखळलें नाहीं आणि तरी पडदा चालू करतांच रेघ दिसते, तर दोष वरच्या काचेंत नसून खालीं आहे.

वरची काच तडकली पण चित्र स्वच्छ व टच शाबूत, असें अनेकदां आढळतें. असा फोन चालतो. त्यावर पारदर्शक पट्टी किंवा नवी टफन काच लावून हंगाम काढतां येतो. परंतु त्या तड्यांतून पाणी आंत जाण्यास वाट झाली, हें विसरूं नये. पाण्यास दाद न देणारा म्हणून घेतलेला फोनही तडा गेल्यावर तसा राहत नाहीं.

खऱ्या पडद्याची परीक्षा घरच्या घरीं होते. एका कोऱ्या पांढऱ्या कागदाचें आणि एका काळ्या कापडाचें छायाचित्र घ्यावें व तीं पाळीपाळीनें पूर्ण पडद्यावर उघडावीं. पांढऱ्यावर काळा डाग, शाई सांडल्यासारखा ओघळ किंवा रेषा दिसते. काळ्यावर पांढरा वा रंगीत ठिपका, किंवा कडेनें फुटणारा उजेड दिसतो. शाईसारखा डाग दिसला तर खरा पडदा दुखावला, यांत संशय नको. ओलेड पडद्यांत हा डाग बहुधा काळा-जांभळा असतो व दिवसेंदिवस पसरतो. तो पसरतो कीं नाहीं हें पाहण्यास आमची कारकुनी युक्ति अशी: नवी टफन काच लावून तिच्यावर डागाच्या कडेनें बारीक पेनानें हद्द आंखावी आणि दोन दिवसांनीं पाहावें. डागानें हद्द ओलांडली असेल तर वाट पाहण्यांत लाभ नाहीं. डाग बोटानें दाबून मात्र पाहूं नये. त्यानें तो वाढतो.

रेषा दिसत असतील तर आणखी एक खूण आहे, आणि ती आम्हांस फार आवडली. पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा व तो दुसऱ्याच्या फोनवर पाठवून तेथें पाहावा. तेथें रेषा दिसली नाहीं तर दोष आपल्या पडद्यांत आहे. तेथेंही दिसली तर पडदा निर्दोष असून दोष आंतील कारभाराचा आहे, आणि त्यास फोल्डर बदलून गुण येणार नाहीं. चष्म्यावर डाग पडला काय किंवा सातबाऱ्याच्या कागदावर पडला काय, डोळ्यांस सारखाच दिसतो. कागद दुसऱ्याच्या हातीं दिला म्हणजे उलगडा होतो.

टच पाहण्यासाठीं एखाद्या ॲपचें चिन्ह दाबून धरावें आणि नांगराच्या तासाप्रमाणें वरून खालीं, एकामागून एक ओळ घेत सर्व पडद्यावर ओढीत न्यावें. जेथें तें पुन्हां पुन्हां हातचें सुटतें ती पट्टी मेलेली समजावी. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत *#०*# असें दाबलें म्हणजे रंग व स्पर्श तपासण्याचें पानच उघडतें.

पडदा पार काळा झाला तरी आशा सोडूं नये. दुसऱ्या फोनवरून त्यास फोन लावावा. घंटा वाजली किंवा तो थरथरला तर आंतील यंत्र जिवंत आहे. बंद-चालूचें बटण व आवाज कमी करण्याचें बटण मिळून दहा-वीस सेकंद दाबून धरावीं. पुष्कळ फोन त्यानें नव्यानें सुरू होतात. तरीही अंधारच राहिला तर घरांत काळोख करून विजेरीचा झोत पडद्यावर तिरपा टाकावा. एलसीडी पडद्यांत आंत पुसट चित्र दिसलें तर पडदा नव्हे, मागचा दिवा गेला आहे. शिवाय पडण्याच्या हिसक्यानें पडद्याची पट्टी तिच्या जोडांतून निसटते. ती पुन्हां नीट बसविली कीं काम भागतें. नव्या फोल्डरचें कारण पडत नाहीं.

एक गोष्ट विशेष फसविणारी आहे. बोलण्यासाठीं फोन कानाशीं नेला कीं पडदा आपोआप विझतो. त्याकरितां वरच्या कडेस जवळीक ओळखणारा एक डोळा असतो. टफन काचेची कपची किंवा चिखल त्यावर आला तर बोलणें चालू असेपर्यंत पडदा काळाच राहतो, आणि फोन ठेवल्यावर पूर्ववत् होतो. हा दोष पुसून जातो.

याच्या उलट, पडदा चौकटीपासून उचलल्यासारखा दिसला किंवा पाठ फुगली, तर चित्र कितीही स्वच्छ असो, तो फोन चार्जिंगला लावूं नये व उशाशीं ठेवूं नये. ती बॅटरी फुगल्याची खूण असूं शकते, आणि फुगलेली बॅटरी पेट घेते.

इतकें पाहून दुकानीं गेलें म्हणजे बोलण्यास आधार येतो. "वरची काच गेली आहे, टच व चित्र ठीक आहे, नुसती काच बदलतां काय?" असें विचारावें. बहुतेक फोनांत काच, टच व पडदा एकमेकांस चिकटविलेले असल्यामुळें तिन्हींचा एकच फोल्डर बदलण्याची रीत आहे. तथापि यंत्रावर जुनी काच सोडवून नवी बसविणारे कारागीरही असतात. मात्र त्या कामांत पडदा दुखावण्याचा धोका असतो, तेव्हां तसें झाल्यास भार कोणाचा, हें अगोदरच ठरवावें. काळा पडदा असेल तर प्रथम जोड पुन्हां बसवून पाहण्यास सांगावें. कंपनीची हमी पडझडीस बहुधा लागू नसते. फोन ठेवून येणें झाल्यास सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावें, *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा आणि बदललेला जुना भाग परत मागावा. तक्रार करण्याची पाळी आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.

शेजारच्या तात्यांचा फोन याच पावसाळ्यांत ट्रॅक्टरवरून पडला. वरची काच शाबूत होती, म्हणून ते निर्धास्त होते. आम्हीं पांढऱ्या कागदाची परीक्षा केली तों एका कोपऱ्यांत वाटाण्याएवढा जांभळा डाग. हद्द आंखून दिली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं डाग हद्दीबाहेर गेला होता आणि खालच्या अर्ध्या भागांत टच मेला होता. तात्या म्हणाले, "आतां बँकेचं नि फोटोंचं काय?" फोनला एक लहान ओटीजी जोड लावून त्यास संगणकाचा माऊस जोडला, पडद्यावर बाण आला आणि त्या बाणानें छायाचित्रें, कागदपत्रें व नांवनिशीचे क्रमांक मेमरी कार्डावर उतरवून घेतले. पीक पाहणीची काळजी नव्हती, कारण एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करतां येते. ती पुतण्याच्या फोनवरून तात्यांच्याच बांधावर उभें राहून केली. चौथ्या दिवशीं पडदा संपूर्ण काळा झाला. तात्यांनीं फोल्डर बदलून घेतला, आणि जुना फोल्डर कागदांत गुंडाळून घरीं आणला.