जन्मसिद्ध वाटा आणि हक्कसोडपत्र

मुलींच्या समान हक्कांची चर्चा शिक्षण, आरोग्य आणि बालविवाह यांविषयी पुष्कळ होते. परंतु मुलगी घरात वारस म्हणून वाढते की परक्याचे धन म्हणून, याचा निर्णय बहुधा वडिलोपार्जित जमिनीपाशी होतो, आणि त्या प्रश्नाकडे मराठी समाजाने अद्याप पुरेशा प्रामाणिकपणे पाहिलेले नाही.

मिताक्षरा परंपरेत एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतःच वाटा असणाऱ्यास सहदायाद म्हणत आणि हे स्थान केवळ पुरुषांना असे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यात वारस केले, सहदायाद मात्र केले नाही. त्यामुळे आईच्या पश्चात वडील वारले आणि मागे एक मुलगा व एक मुलगी उरली, तर वडिलांचा निम्मा वाटा दोघांत विभागून मुलीला एकूण मालमत्तेचा चौथा हिस्सा मिळे, तर मुलाकडे पाऊण मालमत्ता जाई. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला सहदायाद मानले, पण त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले; ही अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत राहिली नाही. दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असलेच पाहिजेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला: हक्क जन्माने मिळतो, म्हणून तशी अट नाही.

असे असूनही वडिलांच्या निधनानंतर वारसनोंद होऊन मुलींची नावे सातबाऱ्यावर चढण्याची वेळ आली की हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा इतर वारसांच्या लाभात सोडल्याचा नोंदणीकृत दस्त, पुढे केला जातो. सही स्वखुशीने केल्याचे त्यात लिहिलेले असते. प्रत्यक्षात कित्येकींच्या मनात माहेर तुटण्याचे भय असते आणि बदल्यात साडीचोळी मिळते. लग्नाच्या खर्चातच वाटा फिटला, हा युक्तिवाद तर सर्वस्वी अन्याय्य आहे, कारण मुलाच्या लग्नाचा खर्चही त्याच घरातून होतो आणि तो त्याच्या वाट्यातून कोणी वजा करत नाही. याचे परिणाम वैधव्य किंवा परित्याग वाट्याला आल्यावर जाणवतात: जमीन कसणाऱ्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर पीककर्ज मिळवणेही तिला जड जाते. फसवणुकीने किंवा दबावाने झालेला दस्त रद्द करून घेता येतो, परंतु ती वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो आणि दबाव सिद्ध करण्याचा भारही, सख्ख्या भावांच्या विरोधात उभे राहून, तिलाच वाहावा लागतो.