हरवण्याजोगी पुस्तकं

शाळेतलं पुस्तकांचं कपाट म्हटलं की मला आधी कुलूप आठवतं. मी पहिल्यांदा नोकरीला लागलो त्या शाळेत कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असे. पुस्तक हरवलं तर किंमत शिक्षकाने भरायची, असा अलिखित नियम होता. तपासणीच्या दिवशी सगळी पुस्तकं कोरी करकरीत निघत आणि वहीत शेरा पडे, ‘ग्रंथालय सुस्थितीत’. पुढे वर्गात स्वतःची पेटी ठेवायला लागलो तेव्हा कसोटी उलटी लावली. पोरगं घरी नेईल आणि घरचे परत द्यायला विसरतील, असंच पुस्तक घ्यायचं. खाली लिहिलंय ते या कसोटीला उतरलेल्या पुस्तकांबद्दल. त्यातली बरीचशी मोठ्यांसाठी लिहिलेली आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

पहिलं ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची ही छोटी कादंबरी १९५५ सालची. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत राजाराम सौंदणीकर नावाचा कोवळा मास्तर रुजू होतो; शाळा ओस, पोरं मेंढरांमागं. वाक्यं इतकी आखूड आणि बोलकी की मोठ्याने वाचताना कुठे अडखळायला होत नाही. सातवी-आठवीला रोज शेवटच्या तासाला पंधरा मिनिटं वाचावी. मुलांना म्हातारा कारभारी आवडतो, आनंदा रामोशी त्याहून जास्त. शेवटी दुष्काळात वाडी रिकामी होत जाते, तेव्हा वर्गात कुणी बाकसुद्धा वाजवत नाही. संपल्यावर प्रश्न तेवढे विचारू नयेत. मी एकदा विचारले, तर पुढच्या पुस्तकाच्या वेळी मुलं वह्या उघडून, पेनं सरसावून बसली होती.

शाळेचीच दुसरी गोष्ट ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक १९८१ चं; चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने स्वस्तात दिला आहे. टोकियोतली तोमोई शाळा रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरायची. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या दिवशी एका बडबड्या मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेतात. हे पुस्तक मुलं हसत वाचतात, शिक्षक मात्र मध्येच थोडे गंभीर होतात. डब्यात समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरातलं काहीतरी हवं, हा त्या शाळेचा नियम पोरांना फार आवडतो. पण त्याच्या शेजारी प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ ठेवायलाच हवं. १९७९ सालचं हे आत्मकथन. आईबापाविना, बहिणीच्या आसऱ्याने वाढणारं एक दलित पोर उपाशीपोटी शाळा सोडत नाही, त्याची ही कथा. नववीच्या वर्गात दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली की डब्याबद्दल मुलं जे बोलतात, ते कुठल्याच मूल्यशिक्षणाच्या तासाला निघत नाही.

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) शाळेत चालणार नाही, भाषा जड आहे, असं मला अनेकांनी बजावलं. एका बैठकीत वाचलं तर जड आहेच. म्हणून ते महिन्या-महिन्याने वाचावं. बारा महिन्यांचं हे पुस्तक चैत्रापासून सुरू होतं. त्या त्या महिन्याची दोन पानं वाचायची आणि मुलांना मैदानात सोडायचं. आमच्या शाळेच्या कुंपणाला पांगारा होता. दहा वर्षं मी त्याच्या सावलीत सायकल लावत आलो. तो आधी फुलतो की त्याची पानं आधी गळतात, हे मला सहावीतल्या मुलीने सांगितलं. पेटीत मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ असेल तर दुधात साखर. वनखात्यात उभी हयात काढलेला हा माणूस रानाबद्दल घरच्यासारखा बोलतो.

विज्ञानात नारळीकरांना पर्याय नाही. ‘यक्षांची देणगी’ देताना मुलांना आधी एक किस्सा सांगावा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. एवढं ऐकल्यावर पुस्तक हातोहात जातं. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) मात्र प्रत्येक बक्षीस समारंभात इतकं वाटलं गेलंय की एकेका घरात दोन-दोन प्रती निघतात. पुस्तक चांगलंच आहे, भक्तिभाव थोडा जास्त. त्याच्यासोबत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ द्यावी. स्वतःवर हसत आयुष्य सांगता येतं, हे मुलांना तिथे कळतं. वडिलांच्या सोवळ्याची प्रकरणं वाचताना वर्ग खिदळतो.

दहावीच्या सुट्टीसाठी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’. खांडववन जाळलं ते बरोबर की चूक, यावर मुलं तासभर भांडतात. पालकांच्या तक्रारीही येतात. येऊ द्याव्यात.

लहानांसाठी फार शोधावं लागत नाही. विंदांचा ‘एटू लोकांचा देश’ आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, माधुरी पुरंदरे यांची ‘वाचू आनंदे’ आणि ‘लिहावे नेटके’ आहेत. ‘वाचू आनंदे’त उताऱ्यांबरोबर चित्रंही नेमकी निवडलेली आहेत, ते आधी शिक्षकांनी चाळावं. पैसेच नसतील तर १९७१ पासूनचे ‘किशोर’चे अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत.

अडचण आहे ती मधल्या वयाची. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी यंत्रं, पैसा, कायदा, शरीर यांबद्दल सरळ मराठीत लिहिलेली पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ‘थोरांच्या बोधकथा’ मात्र गठ्ठ्याने येतात, गठ्ठ्यानेच कपाटात जातात आणि तपासणीला तशाच्या तशा बाहेर निघतात. प्रकाशकांनी हे वाचावं.

माझ्या पेटीतली ‘बनगरवाडी’ आजवर तीनदा गेली. चौथी प्रत गेल्या महिन्यात घेतली.